मोकुहांगा शिकायचंय? आधी चार-पाच जण गोळा करा

जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रचंड निळी लाट कोणी पाहिली नाही असं होत नाही. मोबाइलच्या कव्हरवर असते, मगवर असते, टी-शर्टवर असते. १८३१ च्या सुमारास ती छापली गेली तेव्हा होकुसाईकडे काम होतं चित्र काढण्याचं. लाकूड कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि पैसे घालून सगळ्यांना कामाला लावणारा प्रकाशक निशिमुराया योहाची वेगळा. कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव चित्रावर नाही, पण लाटेच्या फेसाची ती नखं कोणाच्या तरी चाकूनेच निघाली आहेत.

जपानी लाकडी ठशांची ही पारंपरिक छपाई, म्हणजे मोकुहांगा, आज आपल्याकडे बहुतेक जण एकट्याने शिकायला घेतात. व्हिडिओ बघतात, ऑनलाइन कोरण्या मागवतात, दोन-तीन ठसे कोरतात आणि छपाईला बसले की सगळं फिसकटतं. चार माणसांचं काम एकट्याने अंगावर घेतलं की दुसरं काय होणार? म्हणून या लेखातला क्रम थोडा वेगळा आहे: आधी माणसं, मग कागद-लाकूड, मग चाकू.

गट जमवणं

चार ते सहा माणसं पुरेत. सगळे चित्रकारच हवेत असं नाही. एखादा लाकूडकामाचा शौकीन असेल तर धार लावण्याचं निम्मं शिक्षण घरबसल्या होतं. पुण्यात जपानी भाषा शिकणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यातलं कोणी आलं तर जपानी दुकानांची संकेतस्थळं वाचायची सोय होते. महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी भेटा आणि प्रत्येक वेळी काहीतरी छापलेलं घेऊनच या. नुसत्या गप्पांचे गट तिसऱ्या महिन्यात बंद पडतात.

आता नियम. प्रत्येकाने आपला ठसा स्वतः कोरायचा, पण त्याचे पहिले छाप दुसऱ्याने काढायचे. बाकी काही पाळलं नाहीत तरी हे पाळा. कोरणाऱ्याला आपला ठसा पाठ झालेला असतो. कुठे कड कच्ची राहिली आहे हे त्याच्या हाताला ठाऊक असतं, तिथे तो नकळत रंग कमी लावतो, दाब हलका करतो आणि दोष झाकला जातो. तोच ठसा तिऱ्हाइताच्या हातात गेला की पाच मिनिटांत बोंब उठते, "अहो, इथे खोदलंच नाहीये नीट, दर छापाला डाग पडतोय!" छापणाऱ्याने असे शेरे वाया गेलेल्या छापावर पेन्सिलीने लिहावेत आणि तो छाप ठशासोबत परत द्यावा. असा एक शेरेबाज कागद दहा व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवतो.

यात नवं काही नाही. जपानमध्ये पूर्ण रंगीत छपाई रुळली ती १७६५ मध्ये, आणि तीही अशाच मंडळींमुळे. एदो, म्हणजे आजच्या टोकियो शहरातल्या कविमंडळांतले हौशी लोक नववर्षाला सचित्र दिनदर्शिका छापून घेत आणि एकमेकांना देत. आपली दिनदर्शिका दुसऱ्यापेक्षा सरस हवी या चढाओढीत रंग वाढत गेले. सुझुकी हारुनोबूची बहुरंगी चित्रं याच देवाणघेवाणीतून पुढे आली. विसाव्या शतकात छापचित्रकार ओंची कोशिरोच्या घरी १९३९ पासून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी छापचित्रकार जमत. या 'इचिमोकुकाइ' मंडळाच्या सभासदांनी एकमेकांच्या छापांचे संच बांधले, १९४४ ते १९५० या काळात असे सहा संच निघाले. युद्ध, टंचाई, कागदाची मारामार, यातसुद्धा.

सामान: पैसे कुठे घालायचे

सगळ्यात जास्त पैसे कागदाला आणि धारेच्या दगडाला. सगळ्यात कमी बारेनला, म्हणजे छापताना कागद घासायच्या चकतीला, निदान पहिल्या वर्षी. लोक नेमकं उलटं करतात.

लाकूड आधी. जुने ठसे यामाझाकुरा म्हणजे रानचेरीच्या फळ्यांवर कोरलेले असत. कठीण, घट्ट, केसाइतकी बारीक रेघ धरून ठेवणारं ते लाकूड आता जपानमध्येही महाग आहे. शिकण्यासाठी शिना प्लायवुड उत्तम. जपानी लिंडेनचं हे लाकूड मऊ असतं, त्याच्या तंतूंच्या रेषा सारख्या असतात आणि दोन्ही बाजू कोरता येतात. कलासाहित्याच्या ऑनलाइन दुकानांत मिळतं. हार्डवेअरच्या दुकानातलं नेहमीचं प्लायवुड नको, त्याचा वरचा थर आडव्या कापाला पापुद्र्यासारखा उडतो. एमडीएफ तर मुळीच नको, ही छपाई पाण्याची आहे आणि एमडीएफ पाण्याने फुगतं. ओळखीच्या सुताराकडे चांगलं वाळलेलं शिवण मिळालं, रंधा मारून सपाट करून मिळालं, तर सरावाला घेऊन बघा. सागवानाची छिद्रं सपाट रंगात ठिपक्यांसारखी दिसतात, ते हवं असेल तरच सागवान.

हत्यारं पाच पुरतात. हांगितो हा कोरण्याचा तिरका चाकू. एक बारीक आणि एक रुंद गोल कोरणी. आइसुकी, म्हणजे टोकाशी किंचित गोलावलेली चपटी पटाशी. आणि कागद जुळवण्याच्या खुणा कापायला एक सरळ पटाशी, साधारण १५ मिलिमीटर रुंदीची. गटात रुंद कोरणी आणि लाकडी हातोडा सामायिक ठेवा, चाकू मात्र प्रत्येकाचा आपला असावा. धारेसाठी १००० आणि ६००० ग्रिटचे पाण्याचे दगड घ्या. पहिल्या भेटीत कोरूच नका, फक्त धार लावा. शिना प्लायवुडवर रेषांना आडवा काप मारून कड चकचकीत आली तर चाकू तयार, धुरकट किंवा फाटलेली आली तर पुन्हा दगडाकडे.

बारेन म्हणजे कागदाच्या पाठीवर घासायची चकती. खरा होन्बारेन बांबूच्या सालीच्या वळलेल्या दोरीची गुंडाळी, लाखेने कडक केलेल्या कागदी थरांची तबकडी आणि वर बांबूच्या पात्याचं आवरण असा बनतो, आणि किंमत एक लाख येनच्याही पुढे जाऊ शकते. शिकाऊ बारेन दिसायला तसाच आणि खूप स्वस्त असतो, तोच घ्या. आवरण घासून फाटतं, ते नव्याने बांधायला गटातल्या एकाने तरी शिकून ठेवावं. ब्रश घोड्याच्या केसांचे लागतात. नैसर्गिक केसांचा बूट पॉलिशचा नवा कोरा ब्रश सुरुवातीला बेलाशक चालतो. प्लास्टिकचे केस रंग पसरवत नाहीत, ओरबाडतात.

रंगांचं फार डोक्यात घेऊ नका. ट्यूबमधले जलरंग आणि रेघांसाठी सुमी शाई किंवा कुठलीही चांगली काळी चिनी शाई घ्या. पोस्टर कलर चालतात, पण रंग खडूसारखा बसतो आणि एकावर एक छापल्यावर खालचा रंग दिसत नाही. या छपाईची निम्मी गंमत त्या पारदर्शकपणात आहे. खळ घरची करा: तांदळाचं बारीक पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं आणि गाळून घ्यायचं. गुठळी राहिली की ती नेमकी आकाशातच छापली जाते. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते.

चित्र उलटं उतरवणं

पहिला ठसा पोस्टकार्डाएवढाच घ्या, साधारण १० बाय १५ सेंटिमीटर. एदो काळातला नेहमीचा ओबान आकार ३९ बाय २६ च्या आसपास असतो, पण तो मोह आवरा. काय कोरायचं? जुन्या चित्राचा तुकडा नकलून बघणं हा सर्वांत चांगला धडा. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम किंवा अमेरिकेतली लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या संकेतस्थळांवर होकुसाई, हिरोशिगे अशा जुन्या चित्रकारांच्या चित्रांच्या मोठ्या आकाराच्या प्रतिमा मोफत मिळतात. त्यातलं एखादं झाड, एखादी होडी, किमोनोची एक घडी उचला आणि मूळ मापात छापून घ्या. मूळ माप महत्त्वाचं, कारण रेघ किती बारीक होती हे तेव्हाच कळतं आणि छातीत धस्स होतं.

चित्र पातळ कागदावर शाईने काढा किंवा लेझर प्रिंट काढा. इंकजेटची शाई ओल्या खळीत फुटते. याच कागदावर जुळणीच्या खुणाही आखून घ्या, त्यांचं पुढे येतंच. मग लाकडावर खळीचा अगदी पातळ हात फिरवून कागद पालथा चिकटवा. पालथा म्हणजे चित्र लाकडाकडे. त्यामुळे ठशावर ते आपोआप उलटं येतं आणि छापल्यावर सुलटं. अक्षरं असतील तर हे दोनदा तपासा. कागद जवळजवळ वाळला की ओल्या बोटाने पाठीचा वरचा थर हळूहळू मळून काढा, शेवटी रेघांपुरता पापुद्रा राहतो. तेलाचा एक थेंब चोळला की रेघ काचेखालून पाहावी तशी स्पष्ट होते.

कोरणं

हांगितो पेनासारखा धरायचा नाही. खंजिरासारखा मुठीत, अंगठा दांड्याच्या डोक्यावर, आणि चाकू आपल्याकडे ओढत कापायचं. दुसऱ्या हाताचं मधलं बोट पात्याला टेकवून ते दिशा दाखवतं. वळण आलं की मनगट वाकवायचं नाही, ठसा फिरवायचा. म्हणून ठसा टेबलाला घट्ट बांधून ठेवणारे लोक त्रास करून घेतात.

पहिला काप रेघेच्या कडेने, पण चाकू असा झुकलेला की काप खाली जाताना रेघेपासून दूर सरकेल. म्हणजे रेघ वर अरुंद आणि पायाशी रुंद राहते. उभ्या भिंतीची रेघ दाबाखाली मोडते. आतल्या बाजूला झुकलेली तर नक्कीच मोडते. मग समोरून दुसरा काप घेऊन मधली चीर काढून टाका. रेघेजवळ एक ते दीड मिलिमीटर खोली पुरते. मोठ्या मोकळ्या जागा मात्र जास्त खोल हव्यात, कारण ओला कागद मध्ये झोळीसारखा खाली येतो आणि तळाला टेकतो. त्या जागा रुंद कोरणीने आणि हातोड्याने साफ करा, मग रेघेलगतची उरलेली कड आइसुकीने.

लाकडाच्या रेषांना आडव्या जाणाऱ्या बारीक रेघा सगळ्यात नाजूक. त्या शेवटी कोरा, हात बसल्यावर. दिवा एका बाजूने, खाली ठेवा, म्हणजे कापाची सावली दिसते. जुने कारागीर दिव्यासमोर पाणी भरलेला काचेचा गोल टांगत, त्यातून प्रकाश गोळा होऊन ठशावर पडे.

रेघ तुटली तर? तुकडा सापडला तर चिकटवा. नाही सापडला तर तेवढा भाग चौकोनी कापून त्यात त्याच लाकडाची पाचर बसवा, वाळल्यावर सपाट करा आणि नव्याने कोरा. एदोतले पट्टीचे कारागीरही हे करत, लाज वाटून घेण्याचं कारण नाही. त्या काळी कोरणाऱ्यांतही पायऱ्या होत्या. चेहरा आणि केसांच्या कडेच्या रेघा मुख्य कारागीर कोरत असे, कपडे आणि पार्श्वभूमी बाकीचे. गटात मोठं चित्र घ्याल तेव्हा हीच वाटणी वापरा: ज्याचा हात सगळ्यात स्थिर त्याला चेहरा.

केन्तो: दोन खाचा, सगळा भरवसा त्यांवर

पाच रंग पाच ठशांवरून एकाच कागदावर नेमक्या जागी कसे बसतात? यासाठी ना यंत्र लागतं ना टाचण्या. प्रत्येक ठशावर दोन खाचा असतात: उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोनी 'कागी' आणि त्याच लांब कडेवर डावीकडे सरळ 'हिकित्सुके'. कागदाचा कोपरा कागीत आणि कड हिकित्सुकेला टेकली की काम झालं. चित्रापासून एक-दोन सेंटिमीटर समास सोडून या खाचा कापा. बाहेरच्या बाजूला सरळ उभी भिंत आणि चित्राच्या बाजूने उतरता काप. खोली कागदाच्या जाडीपेक्षा किंचित जास्त, बस. फार खोल झाली तर कागदाची कड तिथे वाकते आणि जुळणी सरकते.

रंगांचे ठसे करताना आधी रेघांच्या ठशाचे पातळ कागदावर छाप काढा, खाचांसकट, एका रंगाला एक. प्रत्येक छापावर त्या रंगाचा भाग लाल पेन्सिलीने भरा आणि पहिल्यासारखाच पालथा चिकटवून कोरा. खाचाही मूळ ठशावरूनच उतरल्यामुळे सगळे ठसे एकमेकांशी बांधले जातात. रंगाची कड काळ्या रेघेच्या मधोमध थांबवा, म्हणजे थोडं सरकलं तरी पांढरी फट दिसत नाही. आणि ठशाच्या दोन्ही बाजू वापरा, लाकूड फुकट येत नाही.

कागद ओलवणं

बहुतेकांची छपाई इथेच बिघडते आणि दोष बारेनला मिळतो.

कोझोच्या म्हणजे जपानी कागदी तुतीच्या सालीपासून केलेला वाशी कागद ओला असताना वीसदा घासला तरी टिकतो, कारण त्याचे तंतू लांब असतात. फुकुई प्रांतातल्या एचिझेनचा होशो कागद या कामाचा राजा समजला जातो. तिथल्या इवानो इचिबेइ घराण्यातल्या कागदकारांना जपान सरकारने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला आहे. तोकुशिमाचा आवागामी कागद त्या मानाने सहज मिळतो. विकत घेताना सरस-तुरटीचा हात दिलेला कागद मागा, नाहीतर रंग टिपकागदावर पसरावा तसा फुटतो. सरावाला पुण्याच्या शिवाजीनगरातल्या हातकागद संस्थेचा सुती कागद किंवा नेपाळी लोकता घ्या. सुती कागदाचे तंतू आखूड असल्याने चार-पाच घासण्यांनंतर पाठीवर लव उठते, पण एक-दोन रंगांच्या कामाला हरकत नाही.

आदल्या रात्री शाई नसलेल्या कोऱ्या न्यूजप्रिंटच्या कागदांवर रुंद ब्रशने पाणी फिरवा. एक ओला न्यूजप्रिंट, त्यावर दोन वाशी, पुन्हा एक न्यूजप्रिंट, अशी चळत रचा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून वर फळी आणि वजन ठेवा. सकाळी कागद गालाला लावून बघा. थंड आणि मऊ लागला पाहिजे, पण चकाकता कामा नये. चकाकला तर पाणी जास्त आहे, कोरडे कागद मध्ये घालून तासभर थांबा. सगळी चळत सारखीच ओली हवी, कारण ओला कागद वाढतो आणि सुकताना आकसतो. पहिला रंग ओल्यावर आणि तिसरा अर्धवट सुकलेल्यावर छापलात तर केन्तो कितीही अचूक कापलेला असो, रंग बाहेर जाणारच. पुण्या-नगरकडे मे महिन्यात चळत डोळ्यांदेखत सुकते, म्हणून एकेक कागद बाहेर काढा आणि बाकीचे झाकून ठेवा. कोकणात-मुंबईत पावसाळ्यात उलटं दुखणं: तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशीचे ठिपके येतात. काम लांबलं तर चळत गुंडाळलेलीच फ्रीजरमध्ये टाका.

छपाई

जपानी छापणारा जमिनीवर बसतो आणि त्याचा पाट समोरच्या बाजूला उतरता असतो, म्हणजे अंगाचा भार आपोआप बारेनवर जातो. टेबलावर काम करणार असाल तर उभे राहा. खुर्चीत बसून दाब येत नाही. ठशाखाली ओलं फडकं घाला, तो सरकत नाही.

कोरडा ठसा रंग पिऊन टाकतो, म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. मग छोट्या ब्रशने रंगाचे दोन-चार ठिपके ठशावर टाका, शेजारी ज्वारीच्या दाण्याएवढी खळ टाका आणि मोठ्या ब्रशने गोल-गोल फिरवत दोन्ही ठशावरच मिसळा. शेवटचे हात लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हलके. पृष्ठभागावर साटिनसारखी मंद झाक दिसली पाहिजे. कडेला रंगाचं थारोळं असेल तर ब्रशने उचलून घ्या. खळ कशासाठी? ती रंग कागदात सारखा बसवते. खळ नसेल तर तिळासारखे ठिपके येतात. जपानी छापणारे ते मुद्दामही आणतात आणि त्या परिणामाला गोमाझुरी म्हणतात, पण सुरुवातीला आलेले ठिपके मुद्दाम आणलेले नसतात हे आपल्यापुरतं मान्य करावं.

कागद दोन्ही हातांनी धरून आधी उजवा कोपरा कागीत बसवा, अंगठ्याने धरून ठेवा, मग डावी कड हिकित्सुकेला लावा आणि वरचा भाग सोडून द्या. एकदा पडला की उचलून पुन्हा ठेवायचा नाही. वर बेकिंगचा पातळ कागद ठेवा, पाठीवर लव उठत नाही. बारेनला तेलाच्या फडक्यावर एकदा फिरवून घ्या आणि मध्यापासून कडेकडे नागमोडी घासा. जोर खांद्यातून यावा. नुसत्या मनगटाने घासलं तर पाच छापांनंतर हात दुखतो आणि रंग फिका पडतो.

कागद काढला की लगेच पुढची बाजू बघू नका. पाठ बघा. चांगल्या छापात रंग तंतूंत शिरून पाठीवर सावलीसारखा दिसतो आणि तिथे तो सगळीकडे सारखा आहे का हे पुढच्या बाजूपेक्षा स्पष्ट कळतं. पाठीवर कुठे पांढरट ढग दिसला तर तिथे दाब पोचला नाही, सगळीच पाठ पांढरी तर कागद कोरडा आहे. पुढच्या बाजूला कडेने गडद किनार आली तर रंग जास्त. कोरलेल्या मोकळ्या जागेत डाग आले तर एकतर खोली कमी, किंवा ब्रश तिथे रंग ढकलतोय. दुसऱ्या कारणाला चिंधी पुरते, पहिल्याला पुन्हा चाकू.

सुरुवातीचे चार-पाच छाप असेतसेच येतात, ठसा पाणी आणि रंग धरायला वेळ घेतो. ते मोजूच नका. पहिला मनासारखा छाप आला की तो समोर भिंतीवर लावा आणि पुढचा प्रत्येक त्याच्याशी ताडून बघा. आधी रेघांचा ठसा सगळ्या कागदांवर, मग एकेक रंग, शक्यतो फिक्याकडून गडदाकडे.

बोकाशी

हिरोशिगेच्या आकाशाचा वरचा निळा पट्टा खाली येताना विरत जातो, ती बोकाशी. ती कोरलेली नसते, प्रत्येक छापाच्या वेळी ठशावर नव्याने केलेली असते. ठशाचा तो भाग ओल्या फडक्याने ओलसर करा. ब्रशच्या एकाच कोपऱ्याला रंग लावा आणि कडेच्या रेषेत डावी-उजवीकडे, जागा न बदलता, फिरवत राहा. रंग पाण्यात आपोआप विरतो. एका छापात गडद होणार नाही, त्याच जागेवर दोनदा-तीनदा छापा. हिरोशिगेच्याच एदोच्या शंभर दृश्यांच्या मालिकेत सुरुवातीच्या छापांतल्या कित्येक बोकाशी नंतरच्या छापांत गाळलेल्या दिसतात. मागणी वाढली की मेहनत कमी, हे तेव्हाही होतंच.

रंग बदलून काय होतं ते बघायचं तर छापचित्रकार योशिदा हिरोशीच्या १९२६ च्या शिडाच्या होड्या बघा. तेच ठसे, पण रंग आणि बोकाशी बदलून सकाळ, दुपार, संध्याकाळ, धुकं, रात्र. हाच योशिदा १९३०-३१ मध्ये मुलाला घेऊन भारतात फिरला आणि त्या प्रवासातून आलेल्या छापचित्रांत ताजमहाल, उदयपूर यांच्या जोडीला अजिंठा आणि वेरूळही आहेत. लेण्यातला अंधार आणि बाहेरचं ऊन एकाच कागदावर कसं पकडलंय, त्यासाठी तरी ती शोधून बघावीत. गटात हाच खेळ खेळा: एकाचा तीन रंगांचा ठसा, प्रत्येकाने त्याचा वेगळा प्रहर छापायचा.

छापांची अदलाबदल

सहा-आठ महिन्यांनी, प्रत्येकाचे दोन-तीन ठसे झाले की, अदलाबदल ठरवा. जगभरचे मोकुहांगावाले हे करतात आणि त्याला प्रिंट एक्सचेंज म्हणतात. एक विषय, कागदाचं एक माप, एक तारीख. जितके सभासद तितके छाप प्रत्येकाने द्यायचे, वर दोन राखीव. शेवटी प्रत्येकाच्या हाती सगळ्यांचा एकेक छाप.

एक देखणा छाप कसाही निघू शकतो. बारा एकसारखे काढायला लागले की खळीचं प्रमाण, कागदाची ओल, ब्रशवरचं पाणी हे सगळं ताब्यात यावं लागतं. जास्तीचे कागद ओलवा, निदान तिसरा हिस्सा बाद होईल असं धरून चला. बाद छाप संचात ढकलायचा नाही, कितीही जिवावर आलं तरी. सोबत एक चिठ्ठी असावी: लाकूड कोणतं, कागद कोणता, रंग कोणते, किती वेळा छापलं. छाप कोऱ्या कागदांच्या मध्ये दाबून पूर्ण वाळवा आणि मगच पाकिटात घाला, नाहीतर ते लाटांसारखे उठतात. टपालाने पाठवताना दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये, गुंडाळी करून नव्हे.

संच उघडायची बैठक वेगळी ठेवा. त्या दिवशी छापणाऱ्याने गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी छाप हातात घेऊन, उलटून, तिरक्या उजेडात बघून बोलायचं.

जपानला जायचं ठरलं तर

एवढं झाल्यावर जपानला जाणं सार्थकी लागतं, त्याआधी नाही. फुजी पर्वताजवळच्या कावागुची सरोवराकाठी 'मी-लॅब' ही संस्था परदेशी कलाकारांसाठी मोकुहांगाची निवासी शिबिरं चालवते. टोकियोतल्या आदाची संस्थेत पारंपरिक पद्धतीने नेमलेले कोरणारे आणि छापणारे जुन्या चित्रांचे नवे छाप काढतात. तिथला सराईत हात जवळून बघायला मिळाला तर सोडू नका. आंतरराष्ट्रीय मोकुहांगा परिषद २०११ मध्ये क्योतो आणि आवाजी बेटावर सुरू झाली, २०२४ ची एचिझेनला, म्हणजे कागदाच्याच गावी भरली. अशा परिषदेला जाताना आपल्या गटाचा अदलाबदलीचा संच बरोबर न्या. ओळख करून द्यायला तेवढा पुरतो.

निवासी शिबिराच्या अर्जासोबत सगळ्यात सुंदर चित्र न पाठवता एकाच ठशाचे पाच छाप शेजारी-शेजारी ठेवून फोटो पाठवा, पाठीच्या बाजूचाही एक. आणि चाकू-कोरण्या हातसामानात ठेवू नका, विमानतळावर काढून घेतील. धारेला बुचाचे तुकडे लावून, कापडात गुंडाळून, मोठ्या बॅगेत. परतताना कागद घ्याल तो सपाट पुठ्ठ्यात बांधून मागा, दुकानदार आनंदाने करून देतात.